बर्फासकट तळा

१८ ऑगस्ट

लुआ,

खोका मिळाला. तोई काकांनी बस फाट्यावर थांबवली आणि स्वतः उतरवून दिला. झाकणावर नुसतं "मिएनवहिनी" लिहिलेलं. ना खुशाली, ना चौकशी. अगं, दोन शिव्या तरी लिहायच्यास, तेवढंच तुझं अक्षर दिसलं असतं.

माझा फोन तू उचलत नाहीस, तुझ्या दादाचाही नाही. बरं, नको उचलूस. पण हा थर्माकोलचा खोका परत न्यायला तू सायगॉनच्या बसतळावर येतेस, हे काकांकडून कळलं. म्हणून आता खोक्यातूनच बोलायचं ठरवलंय. तुला मध्येच उठून जाता यायचं नाही.

आधी माझी फजिती ऐक. झाकण काढलं तर आत तुझे चायो, खिमा भरलेल्या त्या बोटभर सुरळ्या, दगडासारख्या गोठलेल्या. आपल्याकडे बर्फातलं काही आलं, मासळी असो की मटण, की आधी बर्फ उतरवायचा. आईनेच शिकवलेलं. मग मी बाई शहाणी! सुपात केळीचं पान घातलं, त्यावर तुझे चायो ओळीने मांडले आणि अंगणात उन्हाला ठेवले. दुपारी बघते तर वरचा तांदळाचा पापुद्रा भिजून ओल्या फडक्यासारखा झालेला. तरी हट्टाने तेलात सोडले. एकेक फुटला. खिमा बाहेर, तेल माझ्या मनगटावर, कढईत नुसता चिखल. तुझा दादा दारातून म्हणतो, "आज काय, तेलातलं सूप?" शेवटी मांजराला घातलं, तर तेही तोंड वाकडं करून खात होतं.

मग खोका धुवायला घेतला तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला तुझी चिठ्ठी दिसली. "बर्फासकट तळा." हे झाकणाच्या बाहेर लिहायला काय झालं होतं गं तुला?

बरं तर बरं, अर्धे मी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात टाकून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून तसेच गोठलेले कढईत सोडले, मध्यम आचेवर. काय ती तडतड! मी पातेल्याचं झाकण ढालीसारखं धरून उभी. हळूहळू तडतड निवली, सोनेरी रंग चढला, तेव्हा आच मोठी केली आणि काढून चाळणीत उभे करून ठेवले. एक चावला. लुआ, ती कुरकुर पलीकडच्या नारळाच्या बागेत ऐकू गेली असेल. आणि आत ती किसलेली अळकुडी, तो मिऱ्याचा वास. आईचे चायो. हुबेहूब आईचे! मी चुलीपुढे बसून रडले, खोटं कशाला बोलू.

मी का लिहितेय ते आता सांगते. आई गेल्यापासून बाबा जेवतच नाहीत. भातावर मासळीचा सॉस शिंपडतात, चार घास गिळतात आणि उठतात. कमरेची चड्डी दोरीने बांधायची वेळ आलीय. नोव्हेंबरात आईचं वर्षश्राद्ध आहे. तोवर बाबांना जेवतं करायचं आणि त्या दिवशी तुला घरात आणायचं, ही दोन कामं मी अंगावर घेतलीत. तुझ्या दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "पहिलं जमेल."

खोक्यात बदकाची अंडी आहेत, तुसात घालून. फुटली तर काकांशी भांड.

मिएन


९ सप्टेंबर

लुआ,

दुसरा खोका पोचला. आणि मी एक उद्योग करून बसलेय.

चायो तुझे आहेत हे बाबांना सांगायची सोय नव्हती. ते तुला कोण सांगणार, तूच घडवलंस! तुझ्या लग्नाची विडासुपारी सगळ्या भावकीत वाटून झालेली. लोकांनी चघळून थुंकूनही झालेली. आणि तू सकाळी मोटारसायकलवर बसून निघून गेलीस. बाबा एवढे मानी, त्यांना दारोदार जाऊन सांगावं लागलं की लग्न मोडलं. सुपारी परत तरी कशी मागणार? त्या दिवसापासून तीन वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. आईच्या मातीला तू डोक्याला पांढरी पट्टी बांधून मागे उभी होतीस, तर ते तुझ्या बाजूने असे गेले जसा तिथे खांब आहे. मी सगळं बघत होते.

तुझी बाजू घेते असं समजू नकोस. पण माझ्या लग्नाच्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तू गेलीस तेव्हा सगळ्या गावाबरोबर मीही तोंडावर हात ठेवला. पण हाताखाली तोंड हसत होतं. एवढी हिंमत माझ्या चुलतघरात, मामेघरात कोणात झाली नाही.

त्यात बाबांचं ते बर्फाचं खूळ. गोठवलेलं पाकीट बाजारात दिसलं तरी म्हणतात, "बर्फात मढं ठेवतात, जेवण नाही." चायो म्हणजे त्याच सकाळी गुंडाळायचे, त्याच सकाळी तळायचे, आई करायची तसे.

म्हणून मी काहीच बोलले नाही. बाबा बागेत गेलेत असं बघून तळले. पुदिना, लेट्युसची पानं, लिंबू-मिरची घातलेला सॉस, सगळं मांडलं आणि ताट पुढे सरकवलं.

त्यांनी एक उचलला. पानात गुंडाळला. बुडवला. खाल्ला. मग दुसरा पानाबिनाशिवाय. मग म्हणाले, "कोणी केले?"

"घरात दुसरं कोण आहे?" मी म्हटलं. बघ, ही थापसुद्धा नाही. म्हणजे, पूर्ण नाही.

तिसरा खाल्ला. भात मागून घेतला. आणि मग, लुआ, हे ऐक, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सासूची चव आली तुझ्या हाताला."

वीस वर्षं मी या घरात रांधतेय. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून जास्तीत जास्त काय निघालं असेल तर "पोट भरलं." आणि आता हे! मला आधी उड्या माराव्याशा वाटल्या, आणि मग शरम वाटली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढतेय मी. पण ते जेवले. पोटभर जेवले. म्हणून गप्प बसले.

अजून पाठव.

मिएन


१४ ऑक्टोबर

लुआ,

चिठ्ठी मिळाली. "पाणी नाही, नारळपाणी." माझ्या लक्षात तरी यायला हवं होतं! आई पापुद्रा मऊ करायला बोटं कशात बुडवायची ते मी वीस वर्षं शेजारी बसून बघितलं, आणि मला वाटायचं साधंच पाणी आहे, वाटी तेवढी नारळाची आहे. म्हणून त्यांना तो रंग चढतो तर!

पण मी स्वतः करून बघितले ते तुझी चिठ्ठी यायच्या आधी. चोरी किती दिवस पचणार, म्हटलं शिकूनच टाकू. अळकुड्या किसल्या, खिमा मळला, गुंडाळले, त्याच सकाळी तळले. बाबांनी एक खाल्ला. म्हणाले, "आज तुझं मन थाऱ्यावर नव्हतं वाटतं." आणि भातावर सॉस शिंपडला.

आता नारळपाणी लावून पुन्हा केले. रंग आला, कुरकुर आली, चव काही आली नाही. तुला कसं जमलं गं? आई तुला कधी मुद्दाम शिकवायला बसली नव्हती. तू तर सारखी नदीवर, नाहीतर मुलांबरोबर भांडत. आणि तिकडे, तोई काका सांगत होते, एका खोलीत, एका शेगडीवर, ऑफिसातल्या बायकांना विकायला म्हणून तू हे करतेस, आधी अर्धवट तळतेस, मग गोठवतेस, आणि आमच्या कढईत येईपर्यंत त्याच्यातली आई जशीच्या तशी असते. मी कोणाचं असं तोंडभरून कौतुक करत नाही, विचार तुझ्या दादाला. पण तुला दृष्ट लागेल असं काम आहे तुझं.

थोरल्या आत्या आल्या होत्या. बाबांच्या गालावर मांस बघून म्हणाल्या, "काय रे, सून अफू घालते की काय जेवणात?" बाबा म्हणाले, "चायो करते. खाऊन बघ, वहिनीची आठवण येईल." आत्यांनी खाल्ले, आणि सरळ उठून पाणी प्यायच्या निमित्ताने फ्रीजपाशी गेल्या. चोराच्या मनात चांदणं, मी आधीच तिथे पाठ लावून उभी होते. "पाणी माठात आहे, आत्या." "मला गार हवंय." "घसा धरेल." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बाईच्या नजरेतून मुंगीही सुटत नाही.

पण खरा घोळ पुढेच आहे. जाताना आत्यांनी वर्षश्राद्धाचं विचारलं, आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "चायो सून करील. आणि उदबत्ती लावताना मी तिचं नाव घेऊन सांगणार तुझ्या वहिनीला, की बाई, तुझी चव या घरातून गेली नाही, थोरल्या सुनेने राखली."

लुआ, जिवंत माणसाला मी खुशाल थाप मारीन. पण गेलेल्या माणसाला? तेही आईला? देव्हाऱ्यापुढे बाबांच्या तोंडून माझं नाव जाणार, आणि आईला तर माहीत आहे ना मला धड अळकुडीसुद्धा किसता येत नाही!

तू ये. तू आलीस तर सगळं सरळ होईल. सायगॉन काही चंद्रावर नाही.

मिएन


११ नोव्हेंबर

लुआ,

एवढा मोठा खोका! तोई काका म्हणाले, "यात माणूस बसवून पाठवलंय का?" मी म्हटलं, तसं असतं तर तुम्हाला जेवायलाच बसवलं असतं.

झाकणाची आतली बाजू आधी बघितली. "बाबांनी बोलावलंय का?"

नाही बोलावलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ आहे, मी सरळ विषय काढला होता. म्हटलं, "वर्षश्राद्ध आहे, सगळी लेकरं हवीत." ते कोयत्याला धार लावत होते. म्हणाले, "ज्यांना यायचं ते येतील." म्हटलं, "वाटा कोणाकोणाचा काढू?" आपल्याकडे जो हजर नाही त्याचा वाटा बाजूला काढतात, हे काय मी त्यांना शिकवायचं? दर श्राद्धाला, दर सणाला ते स्वतः मोजून सांगायचे. तीन वर्षं झाली, तुझा वाटा निघालेला नाही. ते धार लावत राहिले.

म्हणजे तू म्हणतेस तेच खरं. बोलावणं नाही. आणि बापाने बोलावल्याशिवाय तू यायची नाहीस, दोघं एकाच लाकडाची. मी कोणाकोणाची समजूत काढू? रागावलेय मी तुम्हा दोघांवर.

चायो वरच्या कप्प्यात रचले. दार लागेना म्हणून मटण शेजारी ठेवायला दिलं.

मिएन


२० नोव्हेंबर

लुआ,

सगळं झालं. नीट बैस आणि वाच.

पहाटेपासून भावकीतल्या बायका मागच्या अंगणात. कोणी बदक सोलतंय, कोणी नारळ खवतंय, सगळ्यांची तोंडं हातांपेक्षा जोरात. थोरल्या आत्या कंबर कसून बसल्या. "आण गं मिएन, पापुद्रे आण, चायो गुंडाळायला घेऊ." मी म्हटलं, "ते मी करून ठेवलेत." "कधी?" "आधीच." आणि फ्रीजमधून पातेलं आणलं. आत्यांनी एक उचलला आणि पातेल्यावर आपटला. टणकन वाजला.

"अगं ए, हे जेवण आहे की विटा?"

"बर्फासकट तळायचे असतात, आत्या."

"तेलात बर्फ? घर पेटवतेस काय माझ्या भावाचं!"

सगळ्या बायका चार पावलं मागे सरकल्या. मी एकटी कढईपाशी, हातात झाकणाची ढाल. वर जमलेलं बर्फाचं पीठ झटकून थोडे थोडे सोडले, गर्दी केली नाही, आच मध्यम. तडतड झाली तशी एकजण ओरडलीच. मग निवलं. मग तो रंग आला, लुआ. चाळणीत उभे केले, तर बायका न बोलावता जवळ. आत्यांनी एक मोडला. कुडुम! श्राद्धाचं आधी चाखायचं नसतं म्हणून खाल्ला नाही, पण नाकाशी धरला. आणि खाली ठेवून माझ्या कानाशी म्हणाल्या, "हे तुझं नाही. हे त्या कार्टीचं आहे. लहानपणी तिचे असेच एका टोकाला जाड, एका टोकाला निमुळते व्हायचे." मी पुढचे चायो तेलात सोडले. त्या म्हणाल्या, "माझा भाऊ आंधळा आहे. पण देव्हाऱ्यात बसलीय ती आंधळी नाही."

ते वाक्य मनात घेऊनच मी ताटं मांडली. आईच्या फोटोपुढे चायोचं ताट सगळ्यात पुढे. बाबांनी नवा सदरा घातलेला. तीन उदबत्त्या पेटवल्या, कपाळाशी धरल्या, आणि सुरू केलं. घरातल्यांची नावं, गेलेल्यांची नावं, आज काय तारीख. मग म्हणाले, "आणि हे चायो, थोरली सून मिएन हिने आपल्या हाताने..."

"बाबा, थांबा."

उदबत्ती लागल्यावर मध्ये बोलायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझं तोंडच मला न विचारता बोललं. तुझ्या दादाने माझा दंड धरला. मी म्हटलं, "माझं नाव नका घेऊ. मी फक्त तळले. केले ते लुआने. सप्टेंबरपासून तुम्ही जे खाताय ते सगळं तिचंच. गोठवून पाठवते ती, बसने."

कोणीतरी म्हणालं, "अगं बाई!"

बाबा वळले नाहीत. मध्येच वळता येत नाही ना, आई वाट बघतेय. पाठ आमच्याकडे, उदबत्त्या कपाळाशी. त्यांचे खांदे मला दिसत होते. राख वाकली आणि त्यांच्या मनगटावर पडली, तरी हात हलला नाही. मला वाटलं, आता उदबत्त्या खाली ठेवतील, ताट उचलून अंगणात फेकतील. तसं झालं असतं तर मी तुला हे पत्र लिहिलं नसतं, तुला पुन्हा कधी तोंडच दाखवलं नसतं.

त्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. आणि म्हणाले, "हे चायो आपल्या धाकटीने केलेत. लुआने."

तीन वर्षांत पहिल्यांदा! मग आवाज फुटला त्यांचा. तसंच रेटून म्हणाले, "ती आज घरात नाही. पण चव तिने राखलीय. तू आधी घे."

मी काय सांगू. तुझा दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आत्या मोठ्याने नाक शिंकरत म्हणाल्या, "धूर फार झालाय."

उदबत्त्या विझेपर्यंत कोणी ताटाला हात लावला नाही. मग जेवणं झाली. बाबा माझ्याशी बोलेनात. पंगत उठताना वाडगा माझ्या हातात देत म्हणाले, "अडीच महिने फसवलंस मला."

"हो बाबा."

"म्हणजे उद्यापासून पुन्हा तुझ्या हातचं खायचं."

"हो बाबा."

त्यांनी असा सुस्कारा सोडला की आत्या हसता हसता बाकावरून पडायच्या राहिल्या. मला राग यायला हवा होता. नाही आला. माझं कौतुक गेलं ते गेलं, पण ते माझं कधी होतंच कुठे? ज्याचं होतं त्याच्या नावावर लागलं. आणि मी तुझ्या हाताखाली शिकणार आहे, बाबांना न विचारता. तोंडातून नुसतं "पोट भरलं" ऐकायला मी काही जन्माला आलेली नाही.

पाहुण्यांची पानं बांधायला घेतली तेव्हा बाबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "एक वाटा राहिला." आणि देव्हाऱ्यापुढच्या ताटातले चायो, आईला दाखवलेले, स्वतःच्या हाताने केळीच्या पानात घातले. थोडं भाजलेलं बदक घातलं. पान बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. मी म्हटलं, "आता बस नाही, उद्या पाठवू. पण मऊ पडतील, बाबा. सायगॉनला पोचेपर्यंत पार फडकं."

त्यांनी पुडी उलटीपालटी करून बघितली. आणि मग, लुआ, आपल्या बाबांनी फ्रीजचं वरचं दार उघडलं! जन्मात कधी हात लावला नव्हता. कुठून उघडतं तेही माहीत नव्हतं, खालचंच ओढत होते. पुडी आत ठेवली. दार लावलं. रात्रीपर्यंत दहादा उघडून बोटाने दाबून बघितलं, मी शेवटी ओरडले, "बाबा, सारखं उघडलंत तर गोठणार कसं?"

सकाळी पुडी दगड झाली तेव्हा केवढे खूश! मी हे लिहायला बसले तर समोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "तिला लिही. बर्फासकट तळ म्हणावं. आधी वितळू देऊ नको."

मी म्हटलं, "बाबा, ते तिनेच आपल्याला शिकवलंय."

"मग? बापाने सांगू नये?"

म्हणून लिहिलं. खोक्यात तळाशी तुझा वाटा आहे. मी खोका बांधत होते तर पुन्हा आले. विचारलं, "हा खोका परत कसा येतो?"

"तोई काकांच्या बसने."

"एकटा?"

"एकटाच येतो, बाबा."

ते दाराकडे बघत म्हणाले, "बसमध्ये माणसं बसत नाहीत का?" आणि बागेत निघून गेले.

तू विचारलं होतंस ना, बाबांनी बोलावलंय का?

मिएन